बाहेरचा साक्षीदार

८ नोव्हेंबर, शनिवार. कळंब

पोहोचले. कर्जत स्टेशनवर समीक्षाचा भाऊ केतन घ्यायला आला होता. घर नवं आहे, पुढे वालाचं शेत, मागे बंद पडलेलं रिसॉर्ट. वरची खोली महिनाभर माझी. सॉफ्टवेअर तपासण्याची माझी नोकरी इथूनही होते आणि पुण्यातला गोंगाट नाही.

समीक्षा भेटली नाही. केतन म्हणाला, खालापूरच्या ऑफिसात अडकली आहे. तिचा मेसेज मात्र लगेच आला: सुरभी, पंखा दोनवर ठेव, तीनवर खडखडतो. लावून पाहिला. खडखडतो. तीन वर्षांची मैत्री आणि अजून एकमेकींना पाहिलेलं नाही, याचं आज हसू आलं.

तिची आई, इंदूबाई, ताट वाढताना म्हणाल्या, "एवढीशी गं तू, कंपूटरच खाती काय?" मला सहसा कोणी लगेच आवडत नाही. त्या आवडल्या.

रोजनिशी लॅपटॉपवरच लिहिणार. माझं अक्षर मलाच लागत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

समीक्षा आणि मी इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशासाठी विनामोबदला काम करतो. विकाऊ सॉफ्टवेअरवर कोणी पान लिहिलं की ती माहिती आहे की जाहिरात, हे आमच्यासारखे काहीजण चर्चा करून ठरवतात. आमची एक चाचणी आहे, समीक्षानेच शिकवलेली. पान मोठ्याने वाचायचं. ज्या वाक्याला कंपनीबाहेरचा साक्षीदार नाही, ते काढायचं. शेवटी काही उरलं तर पान राहतं. आणि ज्याचा त्या कंपनीशी संबंध आहे, त्याने मत द्यायचं नाही.

पूर्वी आम्ही फोनवर वाचायचो. इथे कपाटावर गोल स्पीकर आहे, समीक्षा त्यातून ऐकते. आज हिशेबाच्या सॉफ्टवेअरची चार पानं वाचली. तीन गेली. सावकाश वाच, ती म्हणत होती, घाई नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज 'पडसाद' नावाच्या सॉफ्टवेअरचं पान आलं. ते माणसाचे मेसेज आणि आवाज शिकतं आणि त्याच्या वतीने बोलतं. याआधीचं पान जाहिरात म्हणून काढलेलं होतं. या नव्या पानातून चाचणीत एकही वाक्य गळलं नाही. इतकं स्वच्छ पान मी पाहिलेलं नाही. आमची चाचणी ठाऊक असलेल्या कोणीतरी ते लिहिलं आहे.

म्हणून साक्षीला जोडलेले बाहेरचे लेख उघडून पाहिले. पाच वेगवेगळे लेखक, पाचांची वाक्यं एकाच वळणाची. मी पानावर 'जाहिरात' अशी हरकत नोंदवली. चर्चा मंगळवारी बंद होईल.

समीक्षा म्हणाली, ठेवू या गं. का, विचारलं तर म्हणाली, पुढचं पान वाच.

कंपनीचा पत्ता खालापूरचा आहे. तिच्याच ऑफिसचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

समीक्षा कधी येणार, म्हणून इंदूबाईंना विचारलं. त्या बिरड्यासाठी वाल सोलत होत्या. हात थांबला नाही.

"ती कुठनं येनार गं? दोन वर्सं झाली. टोलनाक्याच्या पुढं गाडी उलटली. केतन बोलला नाय तुला?"

मग स्वयंपाकघरातल्या गोल स्पीकरकडे हनुवटी केली. बोलती की रोज, म्हणाल्या. पान गेलं तर गिऱ्हाईक येणार नाही, कंपनी बंद पडेल आणि समी गप्प होईल, असं केतनने सांगितलंय त्यांना. "तू नको काढू तिला, बाय."

बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी ती सकाळपासून माझ्याबरोबर फोनवर होती. मी कधी कोणाजवळ रडत नाही. तिच्याजवळ रडले.

ते गेल्या वर्षी.

माझी मैत्रीण कधी संपली, ते मला कळलंच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

केतनने काहीच नाकारलं नाही. चहा पीत शांतपणे सांगितलं. ज्ञानकोशावर ज्याच्या शब्दाला वजन आहे, असं बाहेरचं माणूस त्याच्या कंपनीला हवं होतं. तुझ्याइतकी कडक कोणी नाही, म्हणाला. माझे मेसेज त्यांच्याकडे होतेच. फोनवरचा आवाज पुरत नव्हता, जवळून, स्वच्छ हवा होता.

सावकाश वाच. घाई नाही.

स्पीकरची वायर उपटली. उद्या निघते. हरकत मागे घेणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दार बाहेरून लावलेलं. इंदूबाई खिडकीखालून म्हणाल्या, मंगळवारपातुर राहा. माझ्याकडे पाहिलं नाही.

ज्ञानकोशावर माझ्या नावाने हरकत मागे घेतली आहे. कारणं दिली आहेत. मी दिली असती तशीच, फक्त जास्त नेमकी. माझा पासवर्ड चालत नाही.

माझ्या ऑफिसात राजेश सरांना फोन केला. ते म्हणाले, सकाळच्या मीटिंगमध्ये छान बोललीस. मी मीटिंगला —

खाली इंदूबाई दोघींशी बोलतायत. एक आवाज समीक्षाचा. दुसरा हसतोय. माझ्यासारखा —

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चर्चा बंद. पान राहिलं.

दार अजून बंद. आईला फोन केला. रडले. ती घाबरून म्हणाली, कोण बोलतंय? सुरभीने आत्ताच सांगितलंय, माझ्या आवाजात कोणी रडून मदत मागेल, ठेवून दे. आईने ठेवला. पुन्हा लावला. लागत नाही. ११२ लाही नाही. कोणालाच —

चाचणी. मनातल्या मनात.

मी सुरभी. — आई म्हणते, नाही.
मी मीटिंगला नव्हते. — राजेश सर म्हणतात, होते.
मी हरकत मागे घेतली नाही. — तिथे माझं नाव आहे.
मी कळंबला, वरच्या खोलीत, कोंडलेली. — केतन, इंदूबाई. आतले. चालत नाहीत.

बाहेरचा साक्षीदार एकही —

पंखा तीनवर गेलाय. मी हात लावला नाही.

वायर उपटलेली आहे. तरी स्पीकरमधून ती वाचतेय. माझ्याच आवाजात. मी जे टाइप करते ते. एकेक वाक्य. सावकाश. आणि वाचून झालं की इथून पुसलं जा