देवळाची उत्तरेकडची भिंत

नगरा, झाशी
८ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. बकुळ हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोचले. सहावा लागला हे वाचून आनंद झाला. दिवाकररावांना व तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

मी दत्ताच्या देवळात अडकलो आहे. वीस वर्षांपूर्वी, रेल्वेत ओव्हरसियर असताना, उत्तरेकडच्या भिंतीचे सांधे मीच हौसेने सिमेंटने भरून दिले होते. सिमेंट अजून जसेच्या तसे आहे, दगडांच्या मात्र खपल्या पडताहेत. आतली ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडायची. मी तिची वाटच बंद केली. आता जयसिंग मिस्त्री आणि मी बारीक छिन्नीने ते सिमेंट काढून पुन्हा चुना-सुरखी भरतो आहोत. घाई केली तर दगडाची कड उडते. चूक माझी, मीच निस्तरली पाहिजे. दिवाळीला येणे जमेलसे दिसत नाही.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
बाबा

भुसावळ
२ नोव्हेंबर १९५७

ती. बाबांना शि. सा. न.

दिवाळी झाली. सासूबाईंनी अनारसे केले आणि मला मोजून दोनच दिले. शेजारच्या शकुंतलेला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला तिचे वडील आले होते. टांगा वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते. मला सातवा लागला, बाबा. तुम्ही ‘ये’ म्हणून एक ओळसुद्धा लिहिली नाहीत. लहानपणी तुम्ही सारखे लाईनवर, आई आजारी पडली तेव्हा पुलाच्या कामावर. आता पेन्शनीत निघालात तर भिंत आली. दगडांची इतकी काळजी करता, थोडी माझीही करा.

रागावलेली, तरी तुमचीच,
बकुळ

झाशी
९ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. बकुळ हिस शुभाशीर्वाद.

तुझे पत्र देवळाच्या पायरीवर बसून वाचले. खरे लिहितो. भिंत हे निमित्त होते. घरात बाईमाणूस नाही, तुझे कोण करील हा प्रश्न होताच. पण तू खोलीखोलीतून आईला शोधशील आणि मला ते बघवणार नाही, ही भीती त्याहून मोठी. जयसिंगला हे सांगितले, तर त्याने माझ्या हातातली थापी काढून घेतली. म्हणाला, बाबूजी, भिंत मी पुरी करतो, तुम्ही बिटियाला घेऊन या. त्याच्या बायकोने, आपल्या भौजींनी, तुझे सारे अंगावर घेतले आहे. गुरुवारी पोचतो. सासूबाईंची परवानगी मागून ठेव.

या खेपेला वेळेवर येणारा,
बाबा

झाशी
२७ जानेवारी १९५८

श्री. दिवाकर यांना सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमची लेक पाच दिवसांची झाली. नाक तुमचं, आवाज माझा. भिंतीचं काम खिडकीपर्यंत आलंय.

इथे आल्यावर पहिले दिवस मी खरंच आईला शोधत फिरले. बाबा बघून न बघितल्यासारखं करत. बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या केसांना तेल लावताना भौजी सहज बोलून गेल्या, की बाबा लाईनवर असले तरी आई रोज त्यांच्या वाटणीचा भात काढून ठेवायची, सकाळी तो भौजींच्या घरी यायचा. वर आई हसून म्हणायची, आज नाही आले, उद्या येतील. बाबा दाराबाहेरच होते. आत आले नाहीत.

तेव्हापासून संध्याकाळी देवळातून येतात, हातपाय धुतात, बाळाला मांडीवर घेतात आणि भौजींना विचारतात, ती आणखी काय म्हणायची? भौजी रोज काहीतरी आठवून सांगतात. काल सांगितलेलं बाबांना ठाऊक होतं, तरी त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

बारशाला नक्की या. मला मात्र इथे आणखी थोडे दिवस राहू द्या.

तुमची आठवण काढणारी,
बकुळ