काळ्या रानाचे दोन कागद

सातारा
१२ मार्च १९७८

प्रिय आकाराम,

पाकिटावर तुमचं नाव दर वेळी मीच लिहिते, आणि ते पोस्टमनपासून तुमच्या तोफखान्यातल्या कारकुनापर्यंत सगळे वाचतात. मग आत लिहायला लाजायचं काही कारण मला दिसत नाही. आईंना मात्र सांगू नका.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. पंधरा वर्षं पुरी होत आहेत आणि तीस तारखेपर्यंत एका कागदावर सही करायची आहे, पेन्शनच्या किंवा तीन वर्षांच्या मुदतवाढीच्या. तुम्ही लिहिलं आहे, "नदीकाठची माती द्राक्षाला पास झाली तर घरी येतो. नापास झाली तर मुदत वाढवतो. निकाल तुझ्या हातात आहे." निकाल या पत्रासोबत आहे. कागद एक नाही, दोन आहेत. पण ते आताच उघडू नका. आधी हे वाचा. स्कूटर तुम्ही चालवत होता आणि मी मागे बसले होते, त्यामुळे गेल्या महिन्यातल्या तासगावच्या त्या दोन दिवसांत मला जे दिसलं त्यातलं निम्मं तुम्हाला दिसलेलंच नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली. त्यात तुमच्या रजा तीन, आणि आपण दोघंच कुठे गेलो असा हा पहिला प्रसंग. नवरा-बायको नुसते फिरायला निघालेत असं सांगायची आपल्या घरात सोय नाही, म्हणून तुम्ही गणपतीचं नाव पुढे केलंत. तासगावच्या गणपतीला जाऊन येतो, असं आईंना पत्र टाकलंत. मीही ते खरं मानून पूजेचं तबक पिशवीत घेतलं होतं. तुमच्या दोस्तानं, जालिंदरनं, सहा वर्षं नंबर लावून मिळवलेली स्कूटर आपल्याला दोन दिवस दिली तेव्हा तो मला म्हणाला होता, "वैनी, पदर आवरून बसा. दुसऱ्या गिअरला जरा चुचकारावं लागतंय, ते त्येला ठावं हाय. पन पन्नासच्या वर जाऊ दिऊ नका. गड्याला तोफ वढतोय असं वाटतंय." तुम्ही कराडपर्यंत पन्नासच्या आत होता. मी काट्यावर लक्ष ठेवून होते.

कराड सोडून आपण तासगावच्या रस्त्याला लागलो आणि उसाची रानं मागे पडली. पलूसच्या अलीकडे पहिला मांडव दिसला तेव्हा स्कूटर आपोआप हळू झाली. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यापासून मी मोजायला लागले. तासगावपर्यंत चौदा बागा लागल्या आणि चौदाही ठिकाणी तुमचा हात ढिला पडला. देवाला निघालेला माणूस असं करत नाही. तुम्ही मला बागा दाखवायला आणलं होतंत आणि तसं म्हणायला तुम्हाला संकोच वाटत होता. मी विचारलं नाही. माझी ती सवय आहे, तुम्हाला माहीत आहे. समोरचा सांगेपर्यंत मी थांबते. यात मान किती आणि ताठा किती हे मी अजून तपासलेलं नाही.

धोंडीबांच्या बागेत आपण राहिलो ते मला आवडलं. तुम्हाला तसं मी म्हटलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. तुमच्या तुकडीतल्या सोबत्याचे ते थोरले भाऊ, एवढीच ओळख. पण बनाबाईंनी मला चुलीपाशी न नेता सरळ मांडवाखाली नेलं आणि खुर्ची दिली. तिथला उजेड हिरवा असतो. बिनबियांचे घड डोक्याला लागतील इतके खाली आले होते. मी एक मणी खाल्ला, मग मोजून अकरा खाल्ले. धोंडीबांनी तुम्हाला विचारलं, "मिल्ट्रीत द्राक्षाची दारू देत्यात म्हनं?" तुम्ही म्हणालात, रम देतात आणि ती उसाच्या मळीची असते. त्यावर बनाबाई म्हणाल्या, "मग ती उसाचीच ऱ्हाऊ द्या. आमच्या मालकास्नी ह्या घडात बाटली दिसाय लागली तर छाटणीला कोन जाईल?" धोंडीबा खाली बघून हसले. तुम्ही इतके मोठ्यानं हसलात की शेजारच्या बागेतला कुत्रा भुंकला. घरी तुम्ही असे हसत नाही. घरी तुम्ही दिवस मोजत असता.

मग तुम्ही विषय काढलात. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या राखून ठेवा, दोन एकरांची लागण करणार आहे. धोंडीबांनी विचारलं, "रान कसलं?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "काळंभोर. नदीकाठचं. पाण्याला कमी नाही." तेव्हा त्यांच्या हातातली कात्री थांबली. तुमचं लक्ष घडांकडे होतं. माझं त्यांच्याकडे होतं. बनाबाई म्हणाल्या, "आवं, गप का झाला? तुमच्या चुलत्याच्या पोरानं काळ्या रानात लावली तिचं काय झालं, सांगा की पावन्यास्नी." मग त्यांनी सांगितलं. "पैल्या वर्साला पानं. दुसऱ्या वर्साला बी पानंच. तिसऱ्या वर्साला सरपान. पावनं, ही येल उसागत न्हाई. उसाला पानी दावलं की त्यो हसतोय. हिचं पाय वलं ऱ्हायलं की ही मरती. आमचा ह्यो मुरमाड माळ हाय, तवा जगली." यावर तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "त्यांच्या घरात मातीची डॉक्टरीण नव्हती." सगळे हसले आणि काड्या ठरल्या. तुम्ही मला विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. माझं गप्प राहणं तुम्ही होकार म्हणून घेतलंत. तो होकार नव्हता. तपासल्याशिवाय बोलायचं नाही, इतकंच होतं.

रविवारी परतताना आपण आपल्या गावी, आई-आबांकडे थांबलो. तबक पिशवीतून बाहेर निघालंच नव्हतं. आईंनी प्रसाद मागितला आणि तुम्ही क्षणभरही न अडखळता धोंडीबांच्या द्राक्षांचा घड त्यांच्या हातावर ठेवलात. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, एक मणी तुळशीला ठेवला आणि उरलेले सगळ्या आळीला वाटले. 

जेवण झाल्यावर तुम्ही सोप्यात आडवे झालात. तेव्हा आबांनी मला परसात बोलावलं. तुमच्या पत्रावरून त्यांनी माती काढूनच ठेवली होती, धोतराच्या फडक्यात बांधलेली. म्हणाले, "चाळून घेतलीया. यक खडा घावायचा न्हाई." मी गाठ सोडली. माती काळी, भुसभुशीत, हाताला मऊ, आणि तिला शेणाचा वास होता. आत कडब्याचे बारीक तुकडे होते. चार वर्षांत प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर अशी शेकडो गाठोडी आली आहेत. लोकांना वाटतं माती तपासणं म्हणजे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, म्हणून ते रानातली सगळ्यात देखणी माती घेऊन येतात. गोठ्यामागची, उकिरड्याजवळची, आंब्याच्या सावलीतली. आबांनी गोठ्यामागची आणली होती. मी म्हटलं, मामंजी, ही रानातली नव्हे. ते रागावले नाहीत. इकडेतिकडे बघून हळू म्हणाले, "पोरी, पोरगं पंधरा वर्सं बाहीर हाय. तू नुस्तं पास म्हन. म्होरलं आमी बगू."

मी गाठोडं पिशवीत ठेवलं. मग आईंचं खुरपं, एक कुदळ आणि घमेलं घेऊन मी नदीकाठच्या रानात गेले. ऊस तुटून गेला होता, त्यामुळे फिरता आलं. नागमोडी चालत नऊ जागा घेतल्या, प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा. वेलीची मुळं खोल जातात, म्हणून तीन ठिकाणी तीन फूट खणलं. शेजारच्या रानातल्या मनुबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "वैनी, काय हरवलं वं?" मी म्हटलं, काही नाही, माती बघतेय. "माती बगाय खनाय लागतंय व्हय? वरच हाय की." थोडा वेळ बघून त्यांनी पदर खोचला आणि शेवटचे दोन खड्डे त्यांनीच खणले. तीन फुटांच्या एका खड्ड्याच्या तळाला पाणी पाझरून आलं. फेब्रुवारीत. कडेच्या ढेकळांवर पांढरी साय होती. मनुबाई म्हणाल्या, "तुमच्या आबांचा हात मोकळा हाय. रातचं पानी सोडून झोपत्यात." तुम्ही उठलात तेव्हा मी हातपाय धुऊन बसले होते. तळहातावरचे फोड तुम्हाला दिसले नाहीत, कारण नंतर पुन्हा मी मागेच बसले होते.

आता कागद उघडा. पहिला आबांच्या गाठोड्याचा आहे. सामू, म्हणजे मातीचा पीएच, ७.३, क्षार ०.४, सेंद्रिय कर्ब सातारा जिल्ह्यात मी आजवर पाहिलेल्यापेक्षा जास्त. द्राक्षाला उत्तम. दुसरा कागद नऊ जागांचा. सामू ८.७, क्षार २.१, चुनखडी जास्त, निचरा नाही. पाणी देऊन देऊन आपण ते रान खारवलं आहे. तिथे वेल लावली तर धोंडीबा म्हणाले तेच होईल. मी सगळे आकडे तीनदा काढले. तुम्ही लिहिल्याप्रमाणे सांगायचं तर माती नापास आहे. काड्या राखू नका, असं धोंडीबांना मी कळवलं आहे. आबांना रागावू नका. गावातल्या आपल्या दुसऱ्या जमिनीबद्दल, वरच्या माळाबद्दल, मी काहीच लिहीत नाही, कारण तिथे खणलेलं नाही.

दोन्ही कागद शुक्रवारी तयार झाले आणि दोन दिवस माझ्याकडे पडून होते. या दोन दिवसांत मी जे केलं ते नोकरीत कधी केलं नव्हतं. एक पाकीट घेतलं, त्यात फक्त पहिला कागद घातला, वर तुमचं नाव लिहिलं आणि पोस्टापर्यंत गेले. पाच मिनिटं पेटीसमोर उभी राहिले. मग परत आले आणि पाकीट फाडलं. उकिरड्याजवळची माती आणणाऱ्या लोकांना मी आजवर अडाणी समजत होते. ते अडाणी नसतात. त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असतं, त्यांना फक्त शिक्का मारलेला कागद हवा असतो. मलाही तोच हवा होता. तीस तारखेला तुम्ही कोणत्या कागदावर सही करावी हे माझं कधीच ठरलं आहे, तासगावच्या मांडवाखाली तुम्ही हसलात तेव्हाच. पण त्यासाठी मी खोटे आकडे देणार नाही, आणि निकाल दोन एकर रानावर सोडणार नाही. नापास झालं आहे ते रान. द्राक्षं येवोत न येवोत, माळ उजवा निघो न निघो, मी नोकरी सोडणार नाही आणि तुम्ही आल्यावर काय करायचं ते तुम्ही आल्यावर बघू. मुदतवाढीवर सही करू नका. मला तुम्ही इथे हवे आहात. हे तोंडानं सांगायला दोन दिवस आणि सव्वादोनशे किलोमीटर मिळाले होते, तेव्हा सांगितलं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. उद्या पोस्ट उघडलं की रजिस्टर्ड करते, म्हणजे पोचल्याची पावती माझ्याकडे येईल.

तुमचीच,
राही