पदनामाचा रकाना

२ डिसेंबर २०२५, मंगळवार
ऑडिटर आले होते. नवा वेतन कायदा लागू झालाय, म्हणाले. यापुढे प्रत्येकाला पेस्लिप द्यायलाच हवी. आमच्या पंप एजन्सीत आजवर एक तारखेला कव्हर मिळते. कव्हरवर पेन्सिलीने नाव, आत नोटा. मालक राममूर्ती माझ्याकडे वळून म्हणाले, म्यानेजर सार, बघून घ्या. म्हणजे पेस्लिपची सगळी जबाबदारी माझी. नंतर कळले की ऑडिटरना गेटपर्यंत सोडायला सांगत होते. तेही केले.

ही डायरी मी देवनागरीत लिहितो. आजोबांनी शिकवले होते. ऑफिसात सगळे तमिळवाले, कोणाला वाचता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. गोपनीय कामाला बरे.

५ डिसेंबर
मोबाइलवर सगळे वाचून काढले. स्लिपवर काय काय हवे: कंपनीचे नाव, कर्मचाऱ्याचे नाव, पदनाम, कोणत्या महिन्याचा पगार, कामाचे दिवस, मूळ वेतन, महागाई भत्ता, ओव्हरटाइम, एकूण, प्रत्येक कपात वेगळी, हातात येणारी रक्कम, सही. एकही रकाना गाळू देणार नाही. कॉम्प्युटरवर बसणारी धनलक्ष्मी म्हणाली, सार, सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे आहेच. सॉफ्टवेअरला कायदा कळत नाही, असे तिला ठणकावले. उद्या मालकांना फॉरमॅट दाखवायचाच.

६ डिसेंबर
दाखवला नाही. मालक बिझी. ओरत्तनाडूहून शेतकऱ्यांचा घोळका आला होता. त्यांना बसवले, सहा टंबलर फिल्टर कापी आणली. आदरातिथ्य हे मॅनेजमेंटचेच अंग आहे.

११ डिसेंबर
मुलीचे, जयश्रीचे, लग्न पक्के झाले. मुलगा कल्याणराम. त्याचे वडील श्रीनिवासराव तालुका ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झाले. २२ फेब्रुवारी, रविवार.

पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. आपल्याकडे पत्रिकेत प्रत्येक नावाखाली डिग्री नाहीतर हुद्दा छापतात. नुसते नाव उघडे दिसते. श्रीनिवासरावांच्या नावाखाली सुपरिंटेंडेंट (रिटायर्ड). माझ्या खाली जनरल मॅनेजर. ‘जनरल’ मी घातले, कारण काम सगळेच बघतो. बायकोने, वसुमतीने, कागद बराच वेळ हातात धरला आणि तांदूळ धुवायचे आहेत म्हणून आत गेली. बायकांना हुद्द्यातले कळत नाही. कागद जयश्रीकडे दिला. प्रेसशी तीच बोलेल.

माझा हुद्दा काही हवेतला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी, मी नवा असताना, पंपाची जळलेली मोटार घेऊन एक गिऱ्हाईक भांडत आले. मॅनेजर कुठे आहे, ओरडले. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवले. शिव्या मी खाल्ल्या. त्या दिवसापासून सगळे दुकान मला म्यानेजर सार म्हणते. ऑर्डर लेटर लागतेच असे नाही. आता पेस्लिपवर छापून येईल. व्याह्यांनी विचारले तर असावी म्हणून एक कॉपी खिशात ठेवणार.

२२ डिसेंबर
धनलक्ष्मीने विचारले, पदनामात काय टाकू? मी निर्णय दिला. तोंडी काही चालणार नाही. मोठ्या मालकांच्या, म्हणजे मालकांच्या वडिलांच्या, जुन्या रजिस्टरात जे असेल ते, अक्षर न् अक्षर. तिने विचारले, सार, तुमचेही? म्हटले, माझेही. तिने पुन्हा विचारले. मी म्हटले, कायद्यापुढे सगळे सारखे. मुलगी हुशार आहे, पण धीर कमी.

७ जानेवारी २०२६, बुधवार
पहिल्या पेस्लिपा निघाल्या. मिळाल्याची सही सगळ्यांत आधी मी केली. स्टाफला उदाहरण. मग वाचली. सगळे रकाने भरलेले. कामाचे दिवस २६. पदनाम: हेल्पर.

टायपिंग मिस्टेक. धनलक्ष्मीला बोलावले. ती रजिस्टर घेऊन आली. मोठ्या मालकांचे अक्षर, निळी शाई. माझ्या ओळीत: तुळजाजी राव, हेल्पर. ड्रायव्हरच्या नावापुढे ‘ड्रायव्हर आणि सुपरवायझर’. त्या काळी हेल्पर शब्दाचा अर्थ मोठा असावा.

८ जानेवारी
मालकांशी सविस्तर चर्चा. उभ्याउभ्या. ते म्हणाले, असू दे म्यानेजर सार, तो कागद बघतो कोण? मी दुरुस्ती मागितली. त्यांनी ऑडिटरला फोन लावला. पद बदलले तर वेतनाचा वर्गही बदलेल, पगार वाढवावा लागेल, ऑडिटर म्हणाले. मालकांनी फोन ठेवला आणि तीन एचपीचे दोन पंप टेम्पोत चढवायला सांगितले. चढवले.

फॉरमॅटमध्ये मात्र ऑडिटरना एक चूक सापडली नाही.

१५ जानेवारी
पोंगल. सुट्टी. स्लिप कपाटात, कपड्यांखाली ठेवली आहे. पत्रिका आल्या की स्लिपची गरज पडणार नाही. छापलेले ते छापलेले.

१९ जानेवारी, सोमवार
पत्रिका आल्या. चारशे. श्रीनिवासरावांचे सगळे बरोबर. माझ्या नावाखाली काही नाही. कोरे.

मोपेड काढून प्रेसवर गेलो, आवाज चढवला. प्रेसवाल्याने शांतपणे फोन पुढे केला. १२ डिसेंबरचा मेसेज होता. अप्पांच्या नावाखालची ओळ काढा. नंबर जयश्रीचा.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जयश्रीला विचारले. ती आधी तमिळमध्ये बोलली, मग मराठीत, शब्द शोधत. नववीत स्कॉलरशिपसाठी मालकांचा दाखला लागला होता. त्यावर हेल्पर लिहिले होते. तिने तो घरी आणला, अम्माने पाहिला. म्हणजे अकरा वर्षे दोघींना ठाऊक आहे. श्रीनिवासरावांनाही पहिल्याच दिवशी सांगितले. ते म्हणाले, मग काय झाले.

मला का नाही सांगितले, विचारले. जयश्री म्हणाली, अप्पा, तुम्ही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून इतके खुशीत निघायचा. ती रडायला लागली. वसुमती गॅसकडे तोंड करून उभी राहिली. मला रडू आले नाही. रागही आला नाही. काहीच वाटले नाही. सांबारभात जेवलो, मोरभातासाठी ताक मागून घेतले.

२० जानेवारी
पहिली पत्रिका मालकांना दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, म्यानेजर सार, तुमचा हुद्दा घालायचा राहिला की.

म्हटले, नाही सार. बरोबर आहे.