करंजाच्या पानांची शेवटची पिशवी

बंगळूर, रविवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९४

आनेकलजवळच्या ओढ्यातून आज शेवटची पिशवी काढून आणली. पाण्यात पाला किती वेगाने कुजतो, त्यातलं नत्र ओढ्याला परत कसं मिळतं, हे पाहायला मी जाळीच्या पिशव्यांत करंजाची पानं भरून बुडवून ठेवतो. पिशव्या विमल शिवायची, जुन्या मच्छरदाणीच्या, नायलॉनच्या दोऱ्याने. ही तिने शेवटच्या आजारपणात अंथरुणावर बसून शिवलेली. आता तिच्या हातची दुसरी नाही.

कात्री घेऊन बराच वेळ नुसता बसलो. पाला आजच धुवायला हवा, नाहीतर आतले किडे मरतात आणि एवढ्या महिन्यांचं काम वाया. तरी तिची टीप कापवेना.

शुभा स्वयंपाकघरातून आली. "अप्पा, स्वल्प थांबा. आईने तांदळाच्या पोत्याची टीप घातलीय, ती कापायची नसते." एका टोकाची गाठ सोडून तिने दोरा ओढला. पिशवीचं तोंड सरसर उघडलं, दोरा अखंड. मग हुबेहूब आईच्या सुरात, तिचं नेहमीचं वाक्य, "पाला कुजवायचा पगार मिळतो हो आमच्याकडे." हसलो. किती दिवसांनी?

पानांच्या शिराच उरल्या होत्या. त्यांत एक अळी, पानाचे तुकडे जोडून अंगाभोवती घर केलेली, जिवंत. विमलने आधी नाक मुरडलं असतं, मग वाकून पाहिलं असतं.

दोरा धुऊन खिडकीत वाळत घातला आहे. शुभा ती टीप शिकवणार आहे. नवी पिशवी याच दोऱ्याने शिवीन.