थोरल्या बहिणीची रजा

ती. ताईस,

तुझ्या विमानवाल्याचा, सध्या जमिनीवरून, साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू 'मला काय धाड भरलीय' म्हणणार, आणि वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला मीच समजून तू 'आलास का रे राजा' म्हणून जेवायला वाढलंस ही बातमी माझ्यापर्यंत पोचलेली आहे. (तोही पोटभर जेवला म्हणे. त्याचं काय चुकलं!) म्हणूनच अक्षर मोठं काढतोय.

तर आमच्या वैमानिक संघटनेचा नवा करार. मी संघटनेचा चिटणीस, म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणारा. पगारवाढ आणि रजा यांवरून आम्ही कंपनीच्या मोठ्या साहेबांशी कधीपासून हमरीतुमरीवर येत होतो. साहेब प्रत्येक मागणीला 'बघतो' म्हणायचे आणि खरंच बघायचे, कोपऱ्यात बसलेल्या एका गृहस्थाकडे. तो बोलायचा काही नाही, नुसता कॅल्क्युलेटर दाबून नकाराची मान हलवायचा. आम्ही त्याला मौनीबाबा म्हणू लागलो. मग कळलं, तो बँकेचा माणूस. अगं, आमची विमानं खरी कंपनीची नाहीतच! सगळी कर्जावर घेतलेली, आणि बँकेने लिहून घेतलंय की प्रत्येक विमान महिन्याला ठरलेले तास उडालंच पाहिजे, पगाराचा खर्च अमुक एवढ्याच्या वर जाता कामा नये, आणि वैमानिकांशी कुठलाही करार बँकेला विचारल्याशिवाय करायचा नाही. म्हणजे ज्या साहेबांवर मी इतके दिवस डाफरत होतो, ते बिचारे नुसते भाडेकरू. मला त्यांची दयाच आली. (त्या दिवशी मी त्यांना माझ्यातलं बिस्किट दिलं. घेण्याआधी त्यांनी मौनीबाबाकडे बघितलं.)

पगारवाढीवर घासाघीस होऊन निम्मी तरी पदरात पडली. घोडं अडलं रजेवर. घरच्या आजारपणाची रजा फक्त बायको, मुलं आणि आईवडिलांसाठी. मी म्हटलं, त्यात बहीण घाला. मौनीबाबाने मान हलवली आणि साहेबांनी तिचा अर्थ सांगितला: वैमानिक घरी बसले की विमान जमिनीवर, मग तास भरत नाहीत, आणि तास भरले नाहीत की बँक विमानं घेऊन जाणार. ताई, माझं डोकंच फिरलं. मी उभा राहून सांगितलं की आई गेल्यावर जिने मला वाढवलं, माझ्या सायकलचा कॅरियर धरून जी मागे धावली, ती आज भिंत चाचपत चालते आणि डोळ्यांचं ऑपरेशन टाळते. का, तर भावाला रजा नाही, आणि पट्टी बांधून एकटीने पडायची तिला भीती वाटते. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पण मला कळतं ग. आणि टोपीनेच डोळे पुसले, तेही चारचौघांत, अंगावर गणवेश असताना.

तेव्हा मौनीबाबा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "थोरली की धाकटी?" मी म्हटलं, थोरली. त्याने कॅल्क्युलेटर बंद केला. "घाला." झालं! धाकट्या बहिणींचे भाऊ लगेच उखडले, आणि आमचा एकुलता (त्याला सगळे असंच म्हणतात) चुलतबहिणीसाठी अडून बसला. शेवटी झाडून सगळ्या बहिणी आत आल्या आणि पदरात पडलेली पगारवाढ बाहेर गेली, कारण रजेची भरपाई बँकेला कुठूनतरी हवीच. मला वाटलं, आता हे सगळे मला फाडून खाणार. घाबरत घाबरत वर बघितलं, तर निम्मे जण आपापल्या बहिणीला फोन लावत होते. मौनीबाबासुद्धा.

तुझाच,
विमानवाला

ता. क. तुझ्या डॉक्टरांना मी तारीख कळवून टाकली आहे. ओरडू नकोस. आता नाही म्हणालीस तर सगळ्या संघटनेच्या पगारवाढीचं पाप तुझ्या डोक्यावर.

आणखी एक ता. क. पट्टी सोडतील तेव्हा समोर मीच उभा असेन. केस बरेच गेलेत माझे. मीटरवाला समजून एकदम जेवायला वाढू नकोस, आधी जवळ घे.