सातव्या महिन्यातले गुरुजी

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेता ना? (घेत नसाल. विचारणं माझं काम.) फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.

मी शिलाई मशीनवाल्यांच्या त्या ऑनलाइन मंचावर देखरेख करते ना (म्हणजे दोघं भांडले की मध्ये पडायचं आणि दोघांच्या शिव्या खायच्या, तेही बिनपगारी), तिथे 'जुना कारागीर' नावाचे एक गृहस्थ आहेत. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. वर्षभरात त्रेसष्ट लेख! टाका सुटो, सुई मोडो, यांच्याकडे उत्तर तयार. लोक "गुरुजी, गुरुजी" करत मागे. मीही भक्तच होते हो! तर मागच्या आठवड्यात गुरुजींनी लिहिलं, की मला सातवा महिना आहे, वाकवत नाही, म्हणून नवऱ्याला खाली बसवून मशीनचा पट्टा घट्ट करून घेतला. मी कपाळावर हात मारला. चाळीस जणांनी अभिनंदन केलं, एका आजींनी जड उचलू नका म्हणून बजावलं, आणि गुरुजींनी सगळ्यांचे आभारही मानले!

मग काय, बसले शोधत. एकेक वाक्य शोधात टाकायचं, की मूळ मालक हजर. बासष्ट लेख उचललेले, स्वल्पविरामासकट. एकात तर "खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे" आहे आणि खाली चित्रच नाही. असा संताप आला म्हणून सांगू! दुसऱ्याच्या मेहनतीवर वाहवा मिळवताना लाज कशी वाटत नाही? नियमाप्रमाणे शनिवारी त्यांचं खातं बंद होणार.

पण त्रेसष्टावा लेख दोन तास शोधूनही कुठे सापडला नाही. बायको गेल्यावर तिचं मशीन वर्षभर उघडलं नाही, उघडलं तेव्हा बॉबिनखाली तिचा निळा दोरा अडकलेला होता, असं त्यात होतं. असा गुंता कापू नका, आधी चाक उलटं फिरवा, सुटतो, घाई करू नका. फक्त चार जणांना तो आवडला. मला मात्र रडू आवरेना.

असो. काळजी घ्या.

तुमची भाची

ता. क. – मामीला निळ्याशिवाय दुसरा रंग चालत नसे, हे त्या मंचावर मला एकटीलाच ठाऊक आहे आणि मी कुणाला बोललेले नाही. मशीन दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून तुम्हाला बोलायला तीच चार माणसं उरलीत, हेही कळतं मला. शनिवारच्या आत बासष्ट लेखांखाली मूळ लेखकांची नावं घाला आणि चूक झाली म्हणा. यादी सोबत जोडली आहे. एवढं केलं तर खातं राहतं.

आणखी एक ता. क. – सातव्या महिन्यावालीला (त्या लेखाच्या मूळ मालकिणीला) मी सगळं सांगितलं. भडकेल वाटलं होतं, ती हसून हसून बेजार. म्हणाली, त्या उपायाने माझंच मशीन अजून चालू झालेलं नाही, तुमच्या गुरुजींना खरंच काही येतं का? मी छातीठोकपणे "येतं" म्हणाले आणि तिला तुमची रविवारी अकराची वेळ देऊन बसले.