दहाव्याला दिलेले केस

९ फेब्रु. २००४, मंचर
टॉवेलवर परत केस. तालमीतला पिंट्या म्हणतो बोअरचं पाणी जड आहे म्हणून जातात. पाणी दोघांचं एकच, त्याचं डोकं मात्र झुडूप. दिवाळीपासून उस्तादाकडनं दंड फुगवायच्या सुया घेतोय, ते इथंसुद्धा लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. शर्टाच्या बाह्या तटतटतात आणि कंगवा लावला की…
मार्केटला बटाट्याची गाडी खाली करायची होती. शेजारच्या ट्रकवर एकजण मोर रंगवत होता, ते बघत बसलो. मुकादमानं शिव्या दिल्या.

१७ फेब्रु.
गावाकडं, आण्याला, आईला फोन केला. निरगुडसरचं स्थळ आलंय. मंगल नाव, बारावी, शिवणकाम करते. माझा फोटो पसंत म्हणे. गेल्या यात्रेतला, स्टुडिओतला. त्यात केस कपाळावर आलेले. दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न ठरतंय असं वाटलं.

२१ फेब्रु.
डॉक्टरकडे गेलो. मित्रासाठी विचारतोय म्हणालो, सुयांनी केस जातात का. म्हणाले, सगळ्यांचे नाही जात. ज्याच्या घराण्यात टक्कल असतं त्याचे दहा वर्षांनी जायचे ते वर्षात जातात. आईकडचं घराणंसुद्धा धरायचं. मामाचं डोकं तिशीतच चकचकीत. मी विचारलं, बंद केल्यावर परत येतात? गळायचे कमी होतील, गेलेले येतीलच असं नाही. केसांचं सोडा, मित्राला रक्त तपासायला पाठवा, म्हणाले. मग चष्म्यावरनं बघत, "मित्राच्या मानेवरसुद्धा अशाच पुळ्या आहेत का?"
उठून आलो. रक्त दिलं न्हाई.

६ मार्च, आणे
भावकीतले धोंडूतात्या गेले, आज दहावा. नातं इतकं लांबचं की आईलाबी नीट सांगता येत न्हाई. लहानपणी मी त्यांची बोरं पाडली म्हणून दगड भिरकावला होता त्यांनी, एवढीच ओळख. भावकीतल्या धाकट्यांनी केस द्यायची रीत आहे, पण आता पोरं एक बट कापून भागवतात. तलावाच्या काठाला न्हावी बसले होते. सख्ख्या पुतण्याच्या आधी मी जाऊन बसलो. सगळे काढा म्हणालो.
नानान्हाव्यानं डोकं भिजवलं, थांबला, कानाशी म्हणाला, "भाऊ, हितं माझ्या आधीच कुणीतरी वस्तरा फिरवलाय."
"कुणाला बोलू नका, नाना."
न्हाई बोलला.
घरी आलो तर तात्यांच्या बायकोनं, काकूनं, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि रडली. तात्यांची पांढरी टोपी काढून मला दिली. घेतली मी. घ्यायला नको होती.

२१ मार्च
मंगलच्या घरचे आले. डोक्याचं कारण आईनंच सांगितलं. मंगलचे वडील म्हणाले, आजकाल सख्खी पोरं करत न्हाईत, यानं लांबच्या चुलत्यासाठी केलं. मी मान खाली घातली, त्यांना तो नम्रपणा वाटला. पसंती कळवली. मंगल एकदाच बघून हसली.

२९ मार्च, मंचर
उस्तादाला म्हणालो सुया बंद करतो. म्हणाला, "लग्नात फुग्यागत उतरलेला दिसशील, राव."
घेतली.

१२ एप्रिल, आणे
कडेनं गवत उगवलं, मधी खळं. टोपी काढत न्हाई. काकू आली होती. म्हणाली, "तात्यांचं दुःख तुझ्या डोक्यातनं जाईना, म्हणून केस येईनात बाळा." आणि तेल ठेवून गेली. लई वेळ त्या बाटलीकडं बघत बसलो. आजवर कुणी शिवी दिली तरी इतकं लागलं नव्हतं.

१८ एप्रिल, निरगुडसर, एसटी स्टँड
कुणाला न सांगता आलो. मंगलचे वडील रानात. ती ओसरीत मशीनवर. तिची आई म्हणाली, ऊन उतरलं, टोपी काढा की पावणं, आणि चहा ठेवायला आत गेली.
काढली. मशीन थांबलं. डोक्याकडं बघत म्हणाली,
"तात्यांसाठी दिलेले ना हे?"
"न्हाई."
सगळं सांगितलं. फोटो, सुया, नानान्हावी. मामाचंबी सांगितलं. वाटलं केसांवरनं काहीतरी बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "अजून घेता?"
खोटं तोंडापर्यंत आलं होतं. मागच्या आठवड्यातली सांगून टाकली.
तिनं परत मशीन सुरू केलं. शिवण बघतच म्हणाली, "दादा रानातनं सहाला येतात. त्यांना तुमीच सांगा. मी न्हाई सांगणार."
चहा न घेताच निघालो. इथं येऊन बसलो. पावणेसहा झालेत. मंचरची गाडी लागलीय, कंडक्टर दोनदा ओरडला. डोक्याला वारं लागलं तेव्हा कळलं, टोपी त्यांच्या ओसरीतच राहिली.